चिचोक्यांचा डबा

तानाबाईनं डब्याचं झाकण तळहातानं दाबून बसवलं, डबा कानाशी नेला आणि खळ्ळकन एकदा हलवून पाहिला. मग तोंड वाकडं करून झाकण पुन्हा काढलं, मूठभर चिचोके परातीत परत टाकले आणि पुन्हा हलवला. हां, आता कसं! डबा गच्च भरला तर आवाज मरतो, आणि अगदीच थोडं घातलं तर गल्लीतलं शेंबडं पोरगंही आत काय आहे ते सांगून मोकळं होईल. भुलाबाईचा खाऊ असा भरावा, की ऐकणाऱ्याचे कान उभे राहिले पाहिजेत आणि अक्कल खाली बसली पाहिजे.

स्वयंपाकघराची खिडकी बंद, दार बंद, गॅसवरचा तवा अजून गरम. भाजलेल्या चिचोक्यांचा खरपूस वास भिंतींना धडका मारत होता. रामराव पलीकडच्या खोलीतून खोकत आला.

"अवं, दार तं उघड! जीव गुदमरून राह्यला माहा."

"उघडत नाई. वास बाहीर गेला तं संपलं. द्वारकाबाईचं नाक काय साधं हाये?"

रामरावानं परातीतला एक चिचोका उचलून उजेडात धरला. जन्म एसटीत कंडक्टरकीत गेलेला माणूस. नोट असो की चिचोका, उजेडात धरून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"अमेरिकेतून आलेली बाई, अन् नेऊन काय राह्यली, तं चिचोके! लोक काय म्हनतीन?"

"लोक काई म्हनो. ओळखलं नाई म्हंजे झालं."

"अन् ओळखलं तं?"

तानाबाईनं झाकण पुन्हा एकदा दाबलं. तिनं डबा फडक्यानं पुसला. मग परत पुसला.

आज कोजागिरी होती, म्हणजे भुलाबाईचा शेवटचा दिवस. घाटंजीच्या त्या गल्लीत भादव्याच्या पुनवेला जवारीच्या धांड्यांचा मखर उभा राहतो, त्यात पाटावर मातीची भुलाबाई आणि तिचे भुलोजी बसतात आणि महिनाभर रोज सांज झाली की पोरी टिपऱ्या घेऊन गाण्यांना उभ्या राहतात. गाणी संपली की खाऊचा डबा येतो. डबा झाकलेला, हलवायचा फक्त. ओळखलं तरच खायला मिळतं. तानाबाई लग्न होऊन या गल्लीत आली तेव्हापासून तो पाट तिच्या अंगणात मांडला जात होता. गल्लीतल्या बायका पत्ता सांगतानाही "भुलाबाईच्या घराजवळ" असं सांगायच्या. यंदा मात्र भादव्याच्या पुनवेला तानाबाईच्या दाराला कुलूप होतं, म्हणून पाट द्वारकाबाईच्या नव्या घराच्या ओसरीवर गेला. त्याबद्दल तक्रार नव्हती. कुलूपबंद दारात भुलाबाई कोण बसवेल?

तक्रार पुढची होती. तानाबाई परत आली, बॅगा उघडल्या, गल्लीत चॉकलेटं वाटली आणि सहज म्हणाली, "आता पुढच्या साली पाट आपल्या घरी." त्यावर द्वारकाबाई गोड हसली होती.

"राहू द्या ना, तानाबाई. माह्या इथं टाइल हाये, पंखा हाये, पोट्ट्याईले बरं पडते. तुमचं काय, आज इथं तं उद्या अमेरिकेत. तुमी आता तिकडच्या झाल्या."

बस. एवढंच. पण तिकडच्या झाल्या, हे तानाबाईच्या काळजात असं घुसलं की रात्री जेवण गेलं नाही. तिकडच्या! तिकडं जाऊन काय हाती लागलं होतं ते तिचं तिला माहीत. तिकडचीही नाही आणि इकडचीही नाही, तर मग माणसानं उभं कुठं राहायचं? दुसऱ्याच दिवशी तिनं द्वारकाबाईच्या ओसरीवर जाऊन, पोरींच्या देखत, गल्लीचा जुना कायदा काढला. ज्या घराला पुढच्या साली पाट पाहिजे, त्या घरानं कोजागिरीला डबा आणायचा. कुणालाच ओळखता आला नाही तर पाट त्या घरचा. कुणी ओळखला, तर जी ओळखेल तिच्या घरचा.

"मी डबा आनतो," तानाबाई म्हणाली.

"आना ना माय," द्वारकाबाई म्हणाली. "आमी कान साफ करून बसतो."

तीन महिन्यांसाठी म्हणून दोघं ओहायोला मुलाकडे, पिंटूकडे, गेले होते आणि सहा महिने राहून आले. गल्लीला वाटलं, म्हाताऱ्यांना अमेरिका मानवली. काय कपाळ मानवली! रामराव तर दुसऱ्या महिन्यापासून घाटंजीच्या पानठेल्याची आठवण काढून उसासे टाकत होता. मुक्काम वाढवला तो तानाबाईनं, आणि तोही हट्टानं. कारण नात बोलत नव्हती.

मुकी नव्हती ती. वैष्णवी तिचं नाव, तिसरीत शिकणारी, आईबापाशी इंग्रजीत पोपटासारखी पटपट बोलायची. आजीआजोबा समोर आले की नुसती मान. हो असेल तर खाली-वर, नाही असेल तर आडवी. कानांवर कायम ते मोठे हेडफोन. सून मुग्धा बिचारी समजावायची, "आई, तिला सगळं कळतं हो. लाजते ती. बोलेल." कधी बोलेल? तानाबाईनं जन्मभर अंगणवाडी चालवली. बोबडी, लाजरी, रडकी, आईचा पदर न सोडणारी, असली किती पोरं तिनं मांडीवर घेऊन बोलती केली. त्यातली काही आता तालुक्याच्या कचेरीत माइक धरून भाषणं ठोकतात! आणि सख्खी नात तोंड उघडेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"तिकीट पुढं ढकला," ती रामरावाला म्हणाली होती. "पोरगी आजी म्हनल्याशिवाय मी इथून हालत नाई."

मग तिनं आपला जुना डाव काढला. रोज दुपारी शाळेची पिवळी बस कोपऱ्यावर यायची. तानाबाई पातळावर पिंटूचं जाकीट चढवून, हातात स्टीलचा डबा घेऊन तिथं उभी. शेजारी रामराव. पोरगी उतरली की डबा तिच्या कानाशी खळ्ळ!

"ओळख पाहू, काय हाये?"

पोरगी हेडफोन थोडा सरकवायची, डब्याकडे पाहायची, झाकण काढायची, खाऊ घ्यायची आणि चालू लागायची. शंकरपाळे झाले, फुटाणे झाले, गूळशेंगदाणे झाले. शब्द नाही.

रामरावाची तऱ्हा वेगळी. पहिल्याच दिवशी नात उतरली, दार लागलं आणि या बाबानं सवयीनं बसच्या पत्र्यावर दोन थापा दिल्या. डबल बेल! जाऊ द्या! बस कुठली जाते? ती चालवणारी बाई करकचून ब्रेक दाबून खाली उतरली, बसखाली वाकून पाहू लागली, की कुणी चेंगरलं का काय. पिंटूला कामावरून फोन करून बोलावावं लागलं. सगळं कळल्यावर मात्र ती बाई इतकी हसली, की पुढं रोज दार लावून ती आरशात पाहत थांबायची. रामरावाच्या दोन थापा पडल्या की मगच गाडी हलवायची. खिडकीतली पोरंसुद्धा वाट पाहायची. म्हणजे एसटीतून निवृत्त झालेल्या माणसाला ओहायोत पुन्हा नोकरी लागली होती आणि तानाबाई मात्र रिकामी ती रिकामीच.

एकदा इंडियन दुकानातून आणलेली चिंच कोळताना चिचोके निघाले. फेकायचे कसे? तिनं धुतले, वाळवले, लोखंडी तव्यावर भाजले, टरफलं काढली आणि त्या दिवशी डब्यात तेच घातले. मुग्धा धावत आली.

"आई, अहो दात तुटेल तिचा!"

"तुटत नाई. तुह्या नवऱ्याचे तुटले काय? त्यानं तं गल्लीतल्या साऱ्या पोट्ट्याइच्या वाटचे खाल्ले."

वैष्णवीनं एक तोंडात टाकला. चघळला. गालात इकडून तिकडे फिरवला. आणि मग मूठ भरून जाकिटाच्या खिशात घातले. दोन दिवसांनी कपडे धुवायचं मशीन असं खडखडायला लागलं, की मुग्धानं दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं अर्धं मशीन खोलून आतून चिचोके काढले आणि तळहातावर धरून विचारलं, हे काय आहे? मुग्धाला इंग्रजीत सांगता येईना. वैष्णवी पायरीवर बसून पाहत होती. तिला सांगता आलं असतं, निदान तानाबाईला तसं वाटलं. पण पोरगी काही बोलली नाही.

त्यानंतर तानाबाई चिंच आणतच राहिली. घरात रोज आंबट वरण. कुणी हूं की चूं केलं नाही. दर आठवड्याला चिचोक्यांचा डबा खळ्ळ वाजायचा आणि पोरगी मूठ भरून घ्यायची, आणि बस. विमानतळावर तिनं हात हलवला. हेडफोन गळ्यात होते. तानाबाईनं शेवटचं म्हणून विचारलं, "येशीन ना इकडं?" मान खाली-वर झाली. विमानात रामरावानं विचारलं, "रडून राह्यली काय?" ती म्हणाली, "रडू कायले? झोप येऊन राह्यली." आणि सगळा वेळ डोळे मिटून जागी होती.

सांज झाली तशी तानाबाई तयार झाली. आणि काय तयार झाली! हिरवं पातळ, त्यावर अमेरिकेतला लोकरी स्वेटर, पायात पिंटूनं घेऊन दिलेले पांढरे बूट. चिचोक्यांचा डबा तिनं तिकडच्या दुकानाच्या एका चकचकीत, दोरीच्या मुठीच्या कागदी पिशवीत ठेवला. रामराव पाहतच राहिला.

"एवढ्या उकाड्यात स्वेटर? डोकं फिरलं काय तुह्यं?"

"चुप बसा. पाहाच तुमी."

आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. गल्लीनं अमेरिकाच पाहायची, अमेरिकाच ऐकायची. चिंचेच्या झाडाकडे कुणाचं लक्ष जाता कामा नये. "बाप्पा रे," तो म्हणाला, "तुले कंडक्टर करायला पाह्यजे होतं. एकबी फुकट्या सुटला नसता."

द्वारकाबाईच्या ओसरीवर गर्दी मावत नव्हती. पोरींच्या टिपऱ्या थांबल्या, शेवटचं गाणं संपलं, आणि सगळ्यांच्या नजरा त्या चकचकीत पिशवीवर खिळल्या. तानाबाईनं पिशवीतून डबा सावकाश काढला. सातवीतली पायल सगळ्या पोरींची म्होरकी. तिनं ओढणी कमरेला खोचली.

"आजी, हालवा!"

खळ्ळ.

"गोड की तिखट?"

"गोडबी नाई, तिखटबी नाई."

"तळलेलं?"

"नाई."

"भाजलेलं?"

"हो."

"नरम की कडक?"

"दात असन त्यानं खावं."

एवढ्यात रामरावाच्या खिशातला फोन वाजायला लागला. रविवार होता; पिंटू दर रविवारी याच वेळेला, तिकडे सकाळ झाली की फोन करायचा. रामरावानं फोन समोर धरला. पडद्यावर पिंटू दिसला, हातात उलथनं, मागं ओहायोचं स्वयंपाकघर.

"बाबा, कुठी हाय तुमी? एवढा कल्ला कायचा?"

"भुलाबाई हाये ना गा! पाय, तुह्या मायनं डबा आनला. बोलू नको मधात." आणि त्यानं फोन फिरवून मखराकडे, तानाबाईकडे धरला.

तानाबाईनं डोळे वटारले. "ठेवा तो फोन! इथं कोनाचा जीव चालला अन् तुमाले फोन सुचून राह्यला." रामरावानं ठेवल्यासारखं केलं आणि फोन तसाच छातीशी धरून उभा राहिला.

पोरींचा पाऊस सुरू झाला.

"बदाम!"

"नाई."

"अक्रोड!"

"नाई."

"चॉकलेटच्या गोळ्या!"

"चॉकलेट भाजतेत काय वं?"

सगळे हसले. "पॉपकॉर्न!" "अमेरिकेचे काजू!" "ते विमानात देतेत ते!" कुणी एकीनं तर "बर्गर" म्हटलं आणि तिच्या बहिणीनं तिच्या डोक्यात टिपरी हाणली. तानाबाई प्रत्येक नावाला नाही म्हणत होती, आणि दर नाहीगणिक अंगातल्या स्वेटरचा उकाडा तिला जाणवेनासा झाला होता. आत कुठंतरी एक पोरगी टिपऱ्या घेऊन नाचत होती.

मग द्वारकाबाई उठली. ती जवळ आली, डोळे मिटून तिनं कान पुढं केला.

"हालवा."

खळ्ळ.

"भाजलेलं," द्वारकाबाई स्वतःशीच म्हणाली. "कडक. गोड नाई, तिखट नाई. अवो, हे तं..." तिच्या कपाळावर आठी पडली. तोंडात काहीतरी घोळल्यासारखा तिचा गाल हलला. तानाबाईनं डबा हळूच पोटाशी ओढला. द्वारकाबाईनं डोळे उघडले, आणि तिची नजर गेली ती नेमकी पांढऱ्या बुटांवर. तिथून स्वेटरवर. तिथून पिशवीवर.

"नाई बाप्पा," ती म्हणाली. "तिकडचाच कोनता तरी मेवा असन. आपल्याले काय ठाव त्याचं नाव."

रामराव हळूच खोकला. तो खोकला नव्हता, हे तानाबाईलाच माहीत.

"हारलो म्हना," तानाबाई म्हणाली.

पायलनं पोरींकडे पाहिलं. पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. कायदा असा, की सगळ्यांनी मिळून मोठ्यानं हारलो म्हणायचं, मगच झाकण उघडतं. पायलनं तोंड उघडलं. तानाबाईनं डबा दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेला आणि शेवटचं म्हणून, मुद्दाम, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा वाजवला.

खळ्ळ! खळ्ळ! खळ्ळ!

"चिचोके."

आवाज बारीक होता. पोरींपैकी कुणाचाच नव्हता. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"आजी! चिचोके आहेत! मला तो आवाज माहितीये!"

रामरावानं छातीशी धरलेला फोन झटकन समोर केला. पडद्यावर पिंटू मागं वळून पाहत होता, उलथनं हातात तसंच. त्याच्या मागं, जेवायच्या टेबलाशी, वैष्णवी खुर्चीवर चढून उभी होती. हेडफोन गळ्यात लोंबत होते. तोंडात घास होता आणि तो तसाच ठेवून ती पुन्हा ओरडली, "आजी, चिचोके ना? बरोबर ना?"

तानाबाईचे हात वरच राहिले. मग ती होती तिथंच, ओसरीच्या पायरीवर बसली. पांढरे बूट पुढं पसरले. पायलनंच तिच्या मांडीवरचा डबा घेऊन झाकण काढलं.

"माय वं! चिचोकेच हायेत!"

"हे काय खाऊ हाये काय?" एक पोरगी रुसून म्हणाली.

द्वारकाबाईनं गर्दीतून हात घालून एक उचलला, दाढेखाली धरला, कडकन फोडला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"तोंडावर आलतं माह्या! अगदी तोंडावर आलतं! त्या बुटाइनं घात केला!" मग तिनं दुसरा उचलला. "लहानपनी खाल्ले होते, तवापासून आजच."

"पण आजी, तुम्ही हारल्या," पायल म्हणाली. पोरगी कायद्याची पक्की होती.

"हारली ना माय," तानाबाई म्हणाली. "हारली. अशी हारली, का आता काई इचारू नको."

ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. जन्मात बऱ्याच वेळा जिंकली होती ती, पण हरून एवढा आनंद होतो हे तिला आजच कळलं. सहा महिने! तिला वाटलं होतं, रिकाम्या हातानं आलो. आणि पोरगी सगळं कानात भरून बसली होती. तिनं रामरावाच्या हातून फोन ओढून घेतला.

"अजून एकदा म्हन, बाई."

"चिचोके."

"अन् मी कोन?"

पलीकडे पोरगी लाजली. मान खाली गेली. तानाबाईला वाटलं, झालं, आता मानच हलणार. पण वैष्णवीनं डोकं वर केलं.

"तू माझी आजी."

इकडे गल्लीत भलताच वाद पेटला होता. फोनवरून ओळखलेलं चालतं का? एक पोरगी म्हणाली चालत नाही, दुसरी म्हणाली कानानं ऐकलं, तोंडानं सांगितलं, मग का नाही? पायलनं निकाल दिला की चालतं. पण मग पाट कुणाचा? जी ओळखेल तिच्या घरचा. आणि तिचं घर?

"तिचं घर तं अमेरिकेत," कुणीतरी म्हणालं.

तानाबाईनं फोनवरची नजर काढून द्वारकाबाईकडे पाहिलं. द्वारकाबाई तिसरा चिचोका चघळत होती. तो तिनं आधी नीट फोडला.

"अमेरिकेत तिच्या बापाची नोकरी हाये," ती म्हणाली. "घर कायचं तिथं? आजाचं घर तेच नातीचं घर. हे काय मी सांगाले पाह्यजे?"

"खरंय," पायल म्हणाली. "मग पाट वैष्णवीच्या घरी. म्हंजे तानाआजीच्या घरी."

पोरींनी टिपऱ्या वाजवून असा गलका केला की पलीकडे पिंटूनं फोनचा आवाज कमी केला. वैष्णवीला मात्र काय चाललंय ते कळत नव्हतं. पिंटूनं तिला इंग्रजीत समजावलं. ती खुर्चीवरून उतरली, फोनच्या अगदी जवळ आली, इतकी की नुसतं कपाळ आणि एक डोळा दिसायला लागला.

"म्हणजे मी जिंकले?"

"जिंकली!" रामराव ओरडला. "पुढच्या साली भुलाबाई तुह्या घरी बसते. पाट तुह्या नावावर झाला."

"मग मला यावं लागेल."

"या तं लागनच."

कपाळ बाजूला झालं. "आई, मला घाटंजीला जायचंय. रूल आहे."

मुग्धाचा आवाज आला, "अगं, ऑक्टोबरमध्ये शाळा असते ना, राणी."

"पण मी जिंकलेय. रूल आहे, आई!"

पिंटू पडद्याजवळ आला. आपल्या आईच्या अंगातला स्वेटर तो बघत होता, की मागचा मखर बघत होता, कोण जाणे. उलथनं त्याच्या हातात तसंच होतं. ओहायोत काहीतरी करपत होतं.

"बाबा," शेवटी तो म्हणाला, "पुढच्या साली कोजागिरी कवा येते, पाहून सांगजा."

"आत्ताच पाहतो," रामराव म्हणाला, आणि पंचांग घरी असूनही खिसे चाचपायला लागला.

चांदणं नीट पडायच्या आत पाट निघाला. भुलाबाई-भुलोजींना खाली उतरवून द्वारकाबाईनं तो स्वतः धुऊन पुसला आणि उचलून तानाबाईच्या हातात दिला. देताना तिनं तो क्षणभर सोडला नाही.

"पोट्टी आली का पयले माह्या घरी जेवाले पाठवजा. चिचोके नाई, पुरनपोई करन मी."

"दोन्हीबी खाईन ते," तानाबाई म्हणाली.

ती पाट कुणाला धरू देईना. स्वेटर, पांढरे बूट, डोक्यावर पाट, अशी ती गल्लीच्या मधोमध चालली. मागं पोरी टिपऱ्या वाजवत, रामराव पुढं. "सरका, सरका, जागा द्या!" त्याचा कंडक्टरचा आवाज निवृत्तीनंतर पहिल्यांदाच एवढा मोकळा सुटला होता. स्वतःच्या दाराशी तिला उंबरा दिसेना म्हणून ती थांबली, तेव्हा त्यानं पाटाच्या कडेवर बोटांनी दोनदा टकटक केलं, आणि ती आत गेली.

उरलेल्या चिचोक्यांचा डबा तिनं झाकण घट्ट लावून पाटावरच ठेवला होता. वाटभर तो खळखळत आला होता. आत काय आहे, हे कुणीही विचारलं नाही.